शिकराची मागची सीट

घुग्घुस, १९ ऑगस्ट

उर्वशी,

फोनवर तू मला बंद केलंस. टपाल बंद करता येत नाही, म्हणून हा कागद. होस्टेलचा पत्ता रीतानं दिला, तिच्यावर रागावू नकोस. मी तिच्या दारासमोर एवढा वेळ उभा राह्यलो की तिच्या आईनं आधी पाणी विचारलं, मग गाव विचारलं, मग बापाचं नाव विचारलं. तेव्हा घाबरून दिला बिचारीनं.

अक्षराला हसू नकोस. कॉलेज सुटल्यापासून पेन हातात येतो तो पावतीवर सही घ्यायला. आणि कागदावर काळं दिसतं ते माझ्या हाताचं नाही, घुग्घुसचं आहे. पुसू नकोस, पसरतं.

कशी आहेस असं विचारत नाही. रीता म्हणते, "बरी आहे." एवढ्यावर थांबली असती तर चाललं असतं. पण ती म्हणते, "लय बरी आहे."

तर बातमी. शिकरा आली.

आठवते का, मी सारखा सांगायचो, कंपनी एक मोटरसायकल काढणार आहे, स्पोर्ट टुरिंग, म्हणजे पळायलाही तेज आणि दोघांना लांब न्यायलाही आरामाची? तू म्हणायचीस, "आधी कॉलेज तं पूर्ण कर, मंग गाडी पाहू." कॉलेजचं सोड. वर्कशॉपच्या सरांची कॉलर मी का धरली हे कोणी विचारत नाही, धरली का एवढंच विचारतात. आता मी चंद्रपूरला त्याच कंपनीच्या शोरूममध्ये आहे. गिऱ्हाइकाला टेस्ट राइड द्यायची आणि विकलेली गाडी हार घालून त्याच्या हाती सोपवायची, हे माझं काम. वाईट नाही.

काल कंपनीनं शिकरा लाइव्ह दाखवली. शेठनं शोरूमच्या भिंतीवर पांढरी चादर लावली आणि आमचा कोळसा रायडर्सचा ग्रुप बोलावला. खाणीतली पहिली पाळी सुटलेली पोरं तशीच डबे लटकवून आली होती. पडद्यावर गाडीवरचा कपडा सरकला. मग जे सुरू झालं!

अतुल म्हणतो, "हे काय बे? ना वाघ ना बिबट." तो यूट्यूबवर गाड्यांचे व्हिडिओ टाकतो, त्याला पहिलं वाक्य आपलंच हवं असतं.

एक खाणवाला म्हणे, "समोरची काच पाह्य ना. कोळशाच्या टिप्परमागं लागलो का घंटाभरात अशी काळी होईन, का रस्ता पाहाले खिडकी उघडा लागन."

दुसरा टाकीवर खूश. "एकदा भरली का अहेरीपावत पंपाचं तोंड पाहाचं काम नाई."

आणि इसरू, मुलचेऱ्याकडच्या जंगलातला आमचा गोंड दोस्त, शंभर सीसीच्या फटफटीवर सगळा जिल्हा फिरतो तो, डोळे बारीक करून म्हणाला, "गाडी चांगली हाये गा. पन आमच्या नाल्यात उतरली तं काढाले बैलजोडी लागन. अन् बैल इचारतीन, हे बाई कोन्या गावची?"

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मी तेव्हा फक्त मागची सीट पाहत होतो.

उर्वशी, ती सीट रुंद आहे. दोन्ही बाजूंना धरायला दांड्या आहेत, खऱ्या, शोभेच्या नाहीत. पाय ठेवायची जागा खाली घेतली आहे, गुडघे दुमडत नाहीत. माझ्या जुन्या गाडीची मागची सीट म्हणजे विळीची पाठ होती, तूच म्हणायचीस.

मूलच्या रस्त्यावरच्या त्या दिवसाचा मी पुष्कळ विचार केला आहे. दोष सीटचा होता. त्या कारवाल्यानं कट मारला, मी त्याच्या मागे गेलो, एवढंच तर झालं. तू म्हणतेस की तू मूल गाव येईपर्यंत माझ्या पाठीवर थापा मारत होतीस. अंगात जॅकेट, त्यात वारा भरलेला, पाठ सगळी फडफडत असते. त्यात कोणती थाप आणि कोणता वारा हे कसं कळणार? सीट नीट असती, धरायला दांडी असती, तर तू घाबरलीच नसतीस. मूलच्या स्टँडवर उतरून सावली गावाच्या बसमध्ये बसली नसतीस.

आपलं सोमनूर राहून गेलं. इंद्रावती गोदावरीत मिळते ती जागा. तू म्हणाली होतीस, पाणी दोन रंगांचं दिसतं म्हणतात, पाहू एकदा. शिकरावर आलापल्लीचं जंगल ओलांडून आपण तिथं जेवायच्या आत पोचू.

शोरूमला डेमोची गाडी येणार आहे. तिच्या मागच्या सीटवरचं प्लास्टिक मी काढणार नाही. कोण आधी बसणार हे ठरलेलं आहे.

निकेश


चंद्रपूर, १४ सप्टेंबर

उर्वशी,

रीताकडून निरोप मिळाला. "त्याले म्हना, पत्र नको पाठवू." ठीक. पण पहिलं पत्र परत पाठवलं नाहीस, म्हणजे वाचलंस. वाचलं नसतंस तर पत्र आहे हे कळलं कसं? मी एवढाही बावळट नाही.

डेमो आली. निळी. मी ती रोज पुसतो. टेस्ट राइडला येणाऱ्याला मी पुढे बसवतो आणि स्वतः दुसऱ्या गाडीवर मागोमाग जातो. शेठ ओरडतो, "तू त्याच्या मागं काऊन नाई बसत बे? पेट्रोल तुहा बाप टाकते काय?" मी सांगतो, गिऱ्हाइकाला मोकळं वाटतं. सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच आहे.

अतुलचा व्हिडिओ आला. नाव काय ठेवलं माहीत आहे? 'शिकरा की कोंबडी?' शिकरा म्हणजे शिकारी पक्षी, आणि हा तिला कोंबडी म्हणतो. आमच्याच डेमोवर बसून, आमचाच चहा पिऊन. वजन जास्त, वळणावर आळशी, किमतीत दोन साध्या गाड्या येतात, इथपर्यंत मी ऐकून घेतलं. यातलं थोडं खरंही आहे, वजन खरंच जास्त आहे. मग तो मागच्या सीटवर थाप मारून म्हणतो, "हे सीट कंपनीनं त्या पोट्ट्यांसाठी बनवली, ज्यांच्या मांगं कोनी बसत नाई." आणि कॅमेऱ्यात नाही, माझ्याकडे पाहून हसला.

मी त्याचं हेल्मेट फेकलं. त्याच्यावर नाही, रस्त्यावर फेकलं. वरून कोळशाचा टिप्पर गेला त्याला मी काय करू?

शेठनं सगळ्यांसमोर मला बाहेर उभं केलं. इसरू मध्ये पडला म्हणून नोकरी राहिली. तो शेठला म्हणाला, "भाऊ, या गाडीचं चांगलं बोलनारा सगळ्या जिल्ह्यात हा एकच पोट्टा हाये. त्याले काढसान तं गाडीले कोन इचारन?" शेठनं विचार केला आणि मला आत घेतलं. कारण खरंच कोणी विचारत नव्हतं. लोक येतात, फोटो काढतात, किंमत ऐकून मान हलवतात. सुकलू म्हणून एक म्हातारे शेतकरी आले होते, त्यांनी मागची सीट वितीनं मोजली आणि विचारलं, "धानाचं पोतं आडवं बसते का उभं?" मी म्हटलं, बाबा, यावर माणूस बसतो. ते म्हणाले, "मानूस तं कुठीबी बसते."

मग मी ग्रुपवर लिहायला लागलो. रोज एक मुद्दा. अतुल म्हणतो वजन जास्त, मी लिहितो की त्या वजनामुळे ट्रकच्या वाऱ्यानं गाडी हलत नाही. तो म्हणतो किंमत, मी लिहितो की ब्रेकला किंमत असते. चार लोक अंगठा दाखवतात, दहा लोक हसणारं तोंड. पण मी त्यांच्यासाठी लिहीतच नाही.

ग्रुपात एक नवा माणूस आला आहे, मुलचेऱ्याचा, प्रणित नाव. लय सभ्य. बाकीचे टॉप स्पीड विचारतात, यानं काय विचारलं पाहा: "निकेशभाऊ, लांबच्या रस्त्यावर मागे बसणाऱ्याची कंबर दुखते काय? कृपया खरं सांगावे."

मी मागे बसलोच नव्हतो. कोणाच्याच मागे, कधीच.

निकेश


घुग्घुस, ६ ऑक्टोबर

उर्वशी,

रीतानं सांगितलं. तुला पाहायला कोणी येऊन गेलं. वनखात्यात आहे म्हणे, पर्मनंट. रीता वर सांगते, "पोरगा शांत हाये." शांत! म्हशीपण शांत असतात.

त्या दिवशी मी रागात घरच्या दाराला लाथ मारली. बाबा रात्रपाळी करून झोपले होते, उठून म्हणाले, "दार बदलवाचं असन तं सांग, माहं डोकं नको बदलवू." तुझं नाव आईला माहीत आहे, पण ती ते घेत नाही, आजाराचं नाव घेत नाहीत तसं.

तू हो म्हटलेलं नाहीस, असं मी समजतो. दिवाळी झाल्यावर तुमच्या गावच्या मंडईच्या जत्रेला पोराकडचे सगळे येतील आणि तेव्हाच पक्कं होईल, असं रीता म्हणते. तुमच्या भागात मंडईशिवाय लग्नं जुळतच नाहीत का? पाळणे, जिलेबी, नाटक आणि मधून सोयरीक. असो. मंडईपर्यंत वेळ आहे.

प्रणितच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. खोटं लिहिता आलं असतं. पण गाडीबद्दल मी खोटं बोलत नाही. सीटवरचं प्लास्टिक तसंच ठेवून त्याच्यावर चादर टाकली, इसरूला चालवायला दिली आणि मी मागे बसलो. मी बसलो ते बसण्यात धरू नकोस, ते कामासाठी होतं. चंद्रपूर ते मूल, जंगलाच्या रस्त्यानं, आणि परत.

कंबर दुखत नाही. पाय आखडत नाहीत. दांडी हाताला बरोबर येते. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं.

एक लिहिलं नाही, तुला सांगतो. मागे बसलं की रस्ता दिसत नाही. पुढच्याची पाठ दिसते. पुढचा काय करणार आहे हे आधी कळत नाही, झाल्यावर कळतं. बांबूच्या ट्रकला ओलांडायला इसरूनं गाडी बाहेर काढली आणि समोरून बस येताना मला दिसली, त्याला दिसली की नाही ते माहीत नाही. माझा हात आपोआप त्याच्या पाठीवर पडला. एकच थाप. तो लगेच मागे झाला, गाडी कडेला घेतली आणि मान वळवून म्हणाला, "काय झालं गा?"

त्याला थाप कळली, कारण त्याच्या अंगात पातळ शर्ट होता. जॅकेट असतं तर नसती कळली.

प्रणितनं लगेच पुढचा प्रश्न टाकला. माणूस चिवट आहे. "साडी नेसून चढता येते काय? सीट उंच दिसते." मी लिहिलं, आधी डावा पाय खालच्या पायरीवर, हात दांडीला, मग बसा, एका बाजूला बसायचं नाही, पदर कमरेला खोचून घ्यायचा, साखळीला जाळी आहे तरीही. त्यानं लिहिलं, "आभारी आहे. अजून एक. खड्ड्यात मागचा माणूस उडतो काय?" मी लिहिलं, उडतो, पण मागच्या शॉकअपला एक कडं असतं, ते पान्यानं दोघांच्या वजनाला घट्ट करायचं, मग नाही उडत.

अतुलनं खाली लिहिलं, 'बायकोले घेऊन जा ना बावा बसवाले, इथी काय इचारते.' प्रणितनं त्याला उत्तरच दिलं नाही. मला आवडला तो. सगळ्या ग्रुपात एकाच माणसाला गाडी समजली आहे.

मी शेठला पटवलं आहे. यंदा मंडईत स्टॉल लावायचा, तुमच्याच गावात. डेमो मी स्वतः आणणार. तू फक्त ये. काही बोलू नकोस. बसून पाहा.

निकेश


घुग्घुस, १० नोव्हेंबर

उर्वशी,

मी तुला पाहिलं. पाळण्याच्या पलीकडे, बांगड्यांच्या दुकानाजवळ, जांभळी साडी. तू मला पाहिलंस की नाही ते सांगता येत नाही. गाडी मात्र पाहिलीस. तुझी मान वळली होती.

आमचा स्टॉल नाटकाच्या मंडपाशेजारी होता. लाऊडस्पीकरवर सारखं चालू, आज रातीले तीन अंकी नाटक, तिकीट खुर्ची, गादी, सतरंजी. मी धानाच्या तणसावर सतरंजी टाकून शिकरा उभी केली, झेंडूची माळ घातली. गर्दी झाली, त्यात काही कमी नव्हतं. पोरांनी हँडल धरून फोटो काढले. एकानं विचारलं नांगर लागतो का. तुझे बाबा, सोमाजीभाऊ, येऊन उभे राहिले. मला ओळखलं नाही त्यांनी, कसे ओळखणार? त्यांनी चाकाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाले, "दिसाले मोठी हाये, पन आवाज बारीक हाये. मानूस असाच पाह्यजे." शेजारचा हसला. कोणत्या माणसाबद्दल बोलत होते ते मी विचारलं नाही.

मग तुझी रुखमाकाकू आली. तीच ना, जिच्याकडे तू शाळेत असताना राहायचीस? तोंडात पान, हातात जिलेबीचा पुडा. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाली, "काय रे बापा, मांगं कसं बसतेत इच्यावर?"

मी थांबलो. प्लास्टिक होतं ना सीटवर. पण ती तुझी काकू. मी म्हटलं, "बसा ना काकू."

"डावा पाय आंधी ना?" ती म्हणाली.

मी गाडी धरून उभा राहिलो. ती पदर कमरेला खोचून डावा पाय पायरीवर ठेवून चढली, एकदम बरोबर, आणि दोन्ही दांड्या धरून अशी बसली की सगळी मंडई पाहायला लागली. एक बाई ओरडली, "रुखमाबाई, नवरा कुठी हाये वो?" ही वरून म्हणते, "घरी ठेवून आली. ह्या पलंगावर दोघं मावत नाई!"

मग तिनं जागच्या जागी दोनतीनदा दणके देऊन पाहिले, खड्ड्यातून जाताना बसतात तसे. उतरली, प्लास्टिकवर हात फिरवला, म्हणाली, "हे काढ ना रे, घाम येते." आणि तुझ्या दिशेनं गेली. मी पाहत होतो. ती तुझ्याशी बोलली, हातानं सीट एवढी रुंद असं दाखवलं. तू मान हलवलीस. मानेचं हलणं हो होतं.

उर्वशी, तूच तिला पाठवलं होतंस ना? डावा पाय आधी हे तिला कोणी सांगितलं? मी कोणाला सांगितलं नव्हतं, फक्त ग्रुपवर लिहिलं होतं. म्हणजे कोणाच्या तरी फोनवर तू माझं वाचतेस. मी परत येताना मूलच्या जंगलात हेल्मेटच्या आत मोठ्यानं गाणं म्हटलं. मूलच्या स्टँडवर थांबलो, चहा घेतला. तो स्टँड मला पहिल्यांदा वाईट वाटला नाही.

आणि अजून एक. परवा एक बुकिंग आलं. जिल्ह्यातलं पहिलं. प्रणितचं. अतुलनं ग्रुपवर हसणारं तोंड टाकलं, मी त्याला म्हटलं, हस. प्रणितनं मला वेगळा मेसेज केला: "भाऊ, तुमच्या शब्दावर घेतो. गाडी तुमच्याच हातानं पाहिजे."

पुढच्या वर्षी मी कॉलेजचा फॉर्म भरणार आहे. सरांना जाऊन भेटेन. तू सांगितलं होतंस तसं. हे मी आधी लिहिणार होतो, पण मंडईचंच लिहीत बसलो.

निकेश


घुग्घुस, १५ डिसेंबर

उर्वशी,

काल दुपारी शिकराची डिलिव्हरी दिली.

सकाळपासून धुतली, पुसली, साखळीला तेल दिलं, आरशांना हार घातला. शेठनं पेढे आणले. एक जीप आली. आधी एक उंच पोरगा उतरला, खाकी पँट, साधा शर्ट, केस बसवलेले. आला तसा माझे दोन्ही हात धरले. "निकेशभाऊ? मी प्रणित." त्याच्या मागून जीपमधून रुखमाकाकू उतरली. हातात कुंकवाचं ताट.

मला लगेच कळलं नाही. मूर्खासारखं मला वाटलं, काकू माझ्याकडे आली आहे.

तिनं गाडीला कुंकू लावलं, नारळ ओवाळला. शेठनं विचारलं, "माय हाये काय तुमची?" प्रणित लाजला. "नाई जी. सासरकडच्या हायेत. पोरीकडची बाई पूजेले पाह्यजे म्हनाली आमची आई. पुढच्या रविवारी लग्न हाये."

वनखात्यात वनरक्षक. मुलचेरा. शांत. हे सगळे शब्द माझ्याकडे आधीपासून होते. मी ते एका जागी ठेवले नव्हते.

तो बोलतच होता. त्याला काय माहीत? "आंदनात गाडी देतो म्हनत होते सोमाजीभाऊ, मी नाई म्हटलं. आपली आपन घ्यावी. पन मले गाडीतलं काई समजत नाई भाऊ. ते प्रश्न माहे नोहोत. तिनंच इचाराले लावले. ती म्हने, त्या ग्रुपात जा, निकेश नावाचा हाये, त्याले इचार."

"काऊन म्हने?" मी विचारलं. आवाज बरा निघाला.

"म्हने, मानूस गाडीबद्दल लबाड बोलत नाई."

काकू माझ्याकडे पाहत होती. तिला सगळं माहीत होतं, मंडईच्या आधीपासून माहीत होतं. तिनं ताटातला पेढा उचलून माझ्या हातावर ठेवला आणि हळू म्हणाली, "खा रे बापा. तुह्या शब्दावर पोरगी मांगं बसाले तयार झाली, हे काई कमी नाई." मी खाल्ला. गोड लागला, त्याला काय करणार?

मी तुझ्यापासून लपवत नाही. त्या वेळी पाना माझ्या हातात होता. तू मला ओळखतेस. लोकांना वाटतं मी कॉलर धरतो, हेल्मेट फेकतो, म्हणजे काहीही करीन. मला स्वतःलाही तसं वाटलं. मी गाडीच्या मागच्या चाकाजवळ गुडघ्यावर बसलो आणि क्षणभर चाकाच्या नटांकडे पाहिलं. ते नट मीच सकाळी आवळले होते.

मग मी शॉकअपचं कडं फिरवलं. ते कंपनीतून एकट्याच्या वजनावर येतं. प्रणितला पाहून त्याचं वजन अंदाजे धरलं. तो म्हणाला, "भाऊ, तिचं वजन सांगू काय? इचारून घेतलं हाये मी." मी म्हटलं, नको. माझ्या पाठीला ते माहीत आहे, असं म्हटलं नाही. कडं दोघांसाठी घट्ट केलं, हातानं सीट दाबून पाहिली, परत थोडं सैल केलं. बरोबर आहे आता. आष्टीकडच्या खड्ड्यांत उडणार नाहीस.

मी त्याला सगळं समजावलं. ब्रेक कसा दाबायचा, पहिली सर्व्हिस कधी, पावसात मागच्या ब्रेकवर भरवसा नको. तो शाळेतल्या पोरासारखा ऐकत होता. निघताना त्यानं विचारलं, "अजून काई, भाऊ?"

मी म्हटलं, "मागून पाठीवर थाप पडली तं गाडी थांबवाची. काऊन म्हनून इचारू नका. आंधी थांबवाची."

तो हसला. "हेल्मेट घालून, जॅकेट घालून थाप कळते काय भाऊ?"

त्याचा हाच एक प्रश्न तू विचारायला लावला नव्हतास. तो त्याचा स्वतःचा होता. मी म्हटलं, "कळते."

गेले ते. काकू मागे बसली, डावा पाय आधी. कोपऱ्यावर प्रणितनं इंडिकेटर दिला, रस्ता रिकामा होता तरी.

संध्याकाळी शेठ म्हणाला, कंपनी शिकरा आपल्या भागात देणं बंद करते आहे, मागणी नाही. ग्रुपवर अतुलनं लिहिलं, 'बोललो होतो ना.' आता या सगळ्या भागात एकच शिकरा आहे, आणि ती मी विकली. डेमो नागपूरला परत जाणार. शेठनं सांगितलं, सीटवरचं ते मळकं प्लास्टिक काढून टाक, बरं दिसत नाही. काढलं. खाली सीट कोरी आहे, नवी.

इसरू सोडायला आला होता घुग्घुसपर्यंत. मी त्याच्या फटफटीवर मागे बसलो. उतरताना तो म्हणाला, "थंडी हाये गा. हे घे तुहं. तवापासून माह्याकडंच राह्यलं." आणि अंगातून जॅकेट काढून दिलं.

मी मागे तुला लिहिलं होतं की मूलच्या रस्त्यावर इसरूला माझी थाप कळली, कारण त्याच्या अंगात पातळ शर्ट होता. तसं नव्हतं. त्या दिवशी पण त्याच्या अंगात हेच होतं. माझं जॅकेट, तू थापा मारत होतीस तेव्हाचं.

निकेश